वरून ओतलेलं पाणी

अक्का,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला मला बोलायला उभं केलं. विहारासमोर मांडव घातला होता. पुढे टेबलावर तुझा फोटो, त्याला हार, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या. त्रिशरण-पंचशील झालं, मग गल्लीतल्या बायका एकेक करून उठल्या आणि तुझ्याबद्दल बोलल्या. कुणाच्या बाळंतपणात तू कशी धावून गेलीस, कुणाच्या दारुड्या नवऱ्याला भर चौकात कशी झापलीस. लोक रडता रडता हसत होते. मग तुझा मिलिंद म्हणाला, "माझी सुजाता मावशी शेवटपर्यंत आईजवळ होती. तिनं दोन शब्द बोलावेत." मी उठले, माईक हातात घेतला आणि म्हणाले की अक्का शांत गेली, समाधानानं गेली, तिचं काही राहिलं नाही. एवढं बोलून खाली बसले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मला मात्र तुझ्या फोटोकडे मान वर करून बघायचं धाडस झालं नाही.

कारण मी खोटं बोलले होते. तू दवाखान्यात बेशुद्ध पडलेली असताना, मिलिंद खाली औषध आणायला गेलेला असताना, मी तुझ्या कपाळावर पाणी ओतलं आणि बाप्तिस्म्याचे शब्द म्हणाले. तू मला नको म्हणून सांगितलं होतंस. आडून आडून नाही, तोंडावर सांगितलं होतंस. तरी मी ते केलं.

हे सगळ्यांत आधी तुलाच सांगायला पाहिजे, आणि सांगायला तूच नाहीस. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लिहून काय व्हायलंय सुजे, तोंडानं बोल की." तोंडानं बोलायची वेळ होती तेव्हा मी गप्प बसले. आता लिहिते आहे.

अक्का, या सगळ्याची सुरुवात तूच करून दिली होतीस. आई गेली तेव्हा मला नीट बोलताही येत नव्हतं. तू नुकतीच लग्न होऊन संतपूरला आली होतीस, आणि माहेरून आंदण म्हणून मला कडेवर घेऊन आलीस, असं तुझी सासू शेवटपर्यंत ऐकवायची. मी चौथी पास झाल्यावर तूच मला कलबुर्गीला सिस्टरांच्या वसतिगृहात नेऊन घातलंस. लोकांनी तुला भीती घातली की पोरीला बाटवतील. तू म्हणालीस, "आपल्याला आणखी बाटवायला काय शिल्लक ठिवलंय कुणी?" आणि बसमध्ये चढलीस. दारात मला सोडताना माझी वेणी परत एकदा घट्ट घातलीस, इतकी घट्ट की डोळे ताणले गेले. म्हणालीस, देवाचं त्यांचं ते बघतील, तू पुस्तकाचं बघ.

मी बरीच वर्षं पुस्तकाचंच बघितलं. वसतिगृहात सकाळी घंटा व्हायची, ख्रिश्चन मुली मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, जायच्या आणि मी उशी डोक्यावर घेऊन झोपायची. कुणी मला कधी ओढून नेलं नाही. मग नर्सिंगला लागले, आणि दुसऱ्या वर्षी वॉर्डात ते बाळ आलं.

ती गोष्ट तुला मी किती वेळा सांगितली असेल. तरी परत सांगते, कारण सगळं तिथूनच आहे. दिवस भरायच्या आधी झालेलं बाळ होतं, हाताच्या पंजावर मावेल एवढं. आईबाप कॅथलिक. बाळ निळं पडत चाललेलं, फादर कुठल्या तरी खेड्यात गेलेले. सिस्टरांचे दोन्ही हात ऑक्सिजनच्या फुग्यावर. आई खाटेवरून म्हणत होती, बाप्तिस्मा द्या, नाव अंतोन ठेवा. सिस्टर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुजाता, पाणी घे आणि डोक्यावर ओत. मी म्हणते तसं म्हण." मी म्हणाले, सिस्टर, मी तुमच्यातली नाही. त्या म्हणाल्या, "चालतं. चर्च जे करतं तेच मला करायचंय, एवढं मनात धर. बस."

मी पाणी घेतलं. "अंतोन, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते." तीन नावांना तीनदा थोडं थोडं पाणी. बाळ तासाभरानं गेलं. पण त्याच्या आईनं माझे दोन्ही हात ओढून घेतले आणि आपल्या डोळ्यांना लावले.

एरवी बाप्तिस्मा फादर देतात, चर्चमध्ये, पवित्र तेल लावून, धर्ममाता-धर्मपित्यांच्या साक्षीनं. पण जीव जायला लागला आणि फादर जवळ नसले, तर कुणीही देऊ शकतं. बाई असो, पुरुष असो, कुठल्याही धर्माचा असो, कुठल्याच धर्माचा नसो. पाणी वाहतं पाहिजे आणि शब्द बरोबर पाहिजेत. तो बाप्तिस्मा पुरा असतो, परत द्यावा लागत नाही. हे मला त्या रात्री वसतिगृहात मुलींनी समजावून सांगितलं आणि मला झोप लागली नाही. तू मला लहानपणी सांगायचीस, की तुम्ही पोरं तहान लागली की विहिरीपासून लांब उकिडवं बसायचात, ओंजळ तोंडाशी धरून. कुणाला दया आली तर तो वरून धार सोडायचा, भांडं हाताला लागू नये म्हणून चांगलं उंचावरून. निम्मं पाणी कोपरांवरून खाली जायचं. घागर चालायची, दोर चालायचा, विटाळ व्हायचा तो फक्त आपल्या हाताचा. आणि इथं एक धर्म म्हणत होता की तुझ्याच हातानं ओत, तुझ्या हातचं पाणी लेकराला देवापर्यंत नेईल. मी त्या पाण्यात अडकले, अक्का. पुस्तकातलं पुष्कळ नंतर वाचलं.

सुट्टीला आले तेव्हा तुला सांगितलं. तू भाकरी थापत होतीस. हात थांबले तुझे.

"तुझ्या हातचं पाणी चाललं त्यास्नी?"

"चाललं."

"लेकराच्या माईनं बघितलं व्हय?"

"तिच्या डोळ्यांसमोरच ओतलं की."

तव्यावरची भाकरी करपली, तुझ्या हातून करपलेली मी बघितलेली तेवढी एकच भाकरी. मग तू म्हणालीस, "मग बरं हाय ते घर." माझ्या धर्माबद्दल तू काढलेले ते पहिले शब्द होते, आणि मला वाटतं सगळ्यांत चांगलेही तेच.

मी बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं तेव्हा तुला कळवायला भ्याले होते. वर्षभर तयारी चालली होती, रविवारी धडे व्हायचे. तू येणार नाहीस असं धरूनच चालले होते. ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी चर्चच्या फाटकाशी तू उभी दिसलीस, हातात पिशवी घेऊन. पिशवीत तुझं पांढरं लुगडं होतं, विहारात जाताना नेसायचीस ते, धुऊन इस्त्री करून आणलेलं. म्हणालीस, "पांढरं लागतंय म्हणं तुमच्यात. आमच्यात बी लागतंय. नवं कामून घ्यायचं?" बाप्तिस्मा झाल्यावर अंगावर पांढरं वस्त्र घालतात, नवा जन्म झाला म्हणून. बाकीच्यांनी शिवून घेतलेले झगे घातले. मी तुझं लुगडं पांघरलं.

फादरांनी विचारलं, सैतानाला नाकारतेस का? मी म्हणाले, नाकारते. त्याच्या सगळ्या कृत्यांना नाकारतेस का? नाकारते. मागच्या बाकावर तू टक लावून ऐकत होतीस. नंतर बाहेर नारळाच्या झाडाखाली म्हणालीस, "अप्पाची आठवण आली गं. दीक्षा घेतल्यावर अप्पा बी असंच म्हणून दाखवायचा, हे मानणार न्हाई, ते करणार न्हाई. तू बापावर गेलीस." मला तेव्हा इतकं बरं वाटलं होतं. वाटलं, आता अक्काची आणि माझी भांडणं होणार नाहीत.

भांडणं झालीच. पहिलं नावावरून. मी मार्था नाव घेतलं होतं. तू विचारलंस, मार्था कोण? मी सांगितलं, येशू घरी आला तेव्हा जी स्वयंपाकघरात राबत होती ती. तू कपाळावर हात मारलास. "राबून राबून जिंदगी गेली आपली, आन् नाव बी राबणारीचंच घेतलंस? एखाद्या राणीचं तरी घ्यायचं." मार्था म्हणून तू मला कधी हाक मारली नाहीस. तू पाळण्यात ठेवलेल्या नावावर मी पाणी सोडलं, असं म्हणून चारचौघांत चिडवायचीस. कारण सुजाता हे नाव तू ठेवलेलं होतंस, आई बाळंतिणीच्या खाटेवर असताना, तूच माझ्या कानात सांगितलेलं.

दुसरं भांडण मोठं होतं आणि ते मिटलंच नाही. मी नवी नवी ख्रिश्चन, जे शिकले ते सगळं तुझ्यासमोर ओतायची घाई. सांगत होते की माणूस जन्मतः आदिपाप घेऊन येतो आणि बाप्तिस्म्यानं ते धुतलं जातं. तुझा चेहरा बघता बघता बदलला.

"म्हंजे जन्मल्या जन्मल्या लेकरू घाण?"

"घाण नाही गं. पण..."

"तेच की. आपल्याला जन्मानं घाण म्हणणारे कमी पडले व्हय तुला, म्हणून आणखी एक शोधून आणलास?"

मी घाईघाईनं म्हणाले, तसं नाही, ते सगळ्यांनाच असतं, राजालाही, पाटलालाही, पोपनाही. आपल्यालाच वेगळं काही नाही. तू थोडा विचार केलास आणि म्हणालीस, "मग सगळ्यालाच एका पंगतीला बसवलंय म्हण. तेवढं बरंय." आणि हसलीस. पण पटलं नव्हतं. मला तेव्हा नीट सांगता आलं नाही की बाप्तिस्मा म्हणजे नुसतं धुणं नाही. पाण्याखाली जुनी मी मेले आणि नवी वर आले, देवानं मला लेक म्हणून हाक मारली, आणि ही खूण आता कुणाला पुसता येत नाही. मीही नाही, मी पुढे कितीही चुकीचं वागले तरी. हे सांगायला पाहिजे होतं. सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस कोण जाणे. बहुतेक म्हणाली असतीस, लेक तर तू माझी हायस.

गेल्या वर्षी तुझा उजवा हात एकदा लुळा पडला आणि दोन दिवसांत परत आला, तेव्हा मी घाबरले. नर्स आहे, पुढचं काय असतं ते मला कळत होतं. सुट्टी काढून संतपूरला आले. आपण ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो, तू डाव्या हातानंच जास्त सोलत होतीस. मी हळूच विषय काढला. अक्का, तू पण बाप्तिस्मा घेतलास तर?

तू शेंग खाली ठेवलीस. रागावली नाहीस, त्यानं मला जास्त भीती वाटली.

"सुजे, वरून पाणी सोडणारे हात मी लई बघितलेत. मान खाली घालून बसायचं, आन् ते वरून सोडणार. अप्पानं आमाला त्यातनं उठवलं. मला कुणाच्या हाताखाली मान घालायची न्हाई. तुझ्या बी न्हाई."

"हे पाणी तसलं नाही गं."

"तुझ्यासाठी तसलं न्हाई. तू आपल्या मर्जीनं गेलीस. अप्पा बी आपल्या मर्जीनं गेला. मर्जी न्हाई तिथं पाणी निसतं पाणीच हाय."

मी मुळूमुळू रडायला लागले. खरं सांगते, तुझं काही वाईट होईल ही भीती नव्हती. देव बाप्तिस्म्यासारख्या संस्कारांना बांधलेला नाही, तो कुणाला कुठल्या वाटेनं बोलवेल सांगता येत नाही, हे फादरांनी आम्हाला शिकवलं होतं आणि मला पटलंही होतं. भीती माझी होती. म्हणाले, मी मेल्यावर तू मला तिथे दिसली नाहीस तर? मला एकटीला स्वर्गात काय करायचंय?

तू खो खो हसलीस. "तिथं जाऊन अडून बस की. म्हणावं, अक्काला बोलवा, न्हाईतर मी बी चालले. एवढं बी चालत न्हाई का तुझं?" आणि मग डोळे बारीक करून म्हणालीस, "मी झोपल्यावर ओतशील बघ तू. तुझा भरवसा न्हाई."

मला राग आला. मी सोललेल्या तुरीनं भरलेलं सूप तसंच टाकून उठले आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून गेले. एवढं कमी लेखतेस मला, असं म्हणाले होते जाताना. आठवतं ना?

या वेळी लकवा मोठा होता. बिदरच्या दवाखान्यात तुला आणलं तेव्हा अर्धं अंग गेलं होतं, गिळता येत नव्हतं, नाकातून नळी घातली होती. डॉक्टरांनी तोंडातून पाण्याचा थेंबही द्यायचा नाही म्हणून बजावलं, श्वासनलिकेत जाईल. बरोबरच होतं त्यांचं. मी स्टीलच्या वाटीत पाणी घेऊन कापसाच्या बोळ्यानं तुझे ओठ ओले करायची. तू वाकड्या झालेल्या तोंडानं एकच म्हणायचीस. "सुजे, पानी." मी म्हणायची, नाही अक्का, नाही चालत. तू माझ्याकडे असं बघायचीस, जणू मी कुणी परकी आहे. एकदा तू तो बोळा दातांत पकडलास आणि चोखायला लागलीस. मी तुझ्या दातांतून तो ओढून काढला. नर्सचं कर्तव्य केलं.

मग तू बोलायची थांबलीस. डोळे मिटले. दोन दिवस तशीच.

त्या दुपारी तुझा श्वास बदलला. असा श्वास मी पुष्कळ खाटांजवळ ऐकला आहे, थांबतो, वाट बघायला लावतो, परत येतो. डॉक्टरांनी एक इंजेक्शन लिहून दिलं, मिलिंद ते आणायला खाली धावला. खोलीत आपण दोघीच होतो. वाटी हाताशी होती.

हात आपोआप गेला असं मला म्हणता आलं असतं. इतक्या वर्षांची सवय, जीव जाताना दिसला की पाणी आणि शब्द. पण तसं नाही. मी आधी दाराकडे बघितलं. चोर बघतो तसं. ज्या बाईला दाराकडे बघावं लागलं तिला आपण काय करतो आहोत ते पक्कं ठाऊक होतं.

शब्दांच्या आधी नाव घ्यायचं असतं. तुझं कलावती हे नाव माझ्या तोंडातून जन्मात कधी निघालं नव्हतं, तेव्हाही निघालं नाही. मी म्हणाले, "अक्का, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते." वाटी वर धरून तीनदा ओतलं. पाणी कपाळावरून कानशिलावर आलं, तिथून गालावरून खाली ओघळलं. आणि तू तोंड तिकडं वळवलंस. अगदी थोडं. ओठ उघडलेस.

मला काय आनंद झाला, अक्का! दोन दिवस जिनं पापणी हलवली नाही तिनं मान वळवली. मला वाटलं, तू घेतलंस. शेवटच्या घडीला तू हो म्हणालीस. मी पदरानं तुझा गाल पुसला, वाटी जागेवर ठेवली, आणि मिलिंद आला तेव्हा तुझा हात हातात घेऊन बसले होते. थोड्या वेळानं तू गेलीस. तुला आंघोळ घालताना बायकांनी तुझ्या पेटीतून पांढरं लुगडं काढलं, माझ्या बाप्तिस्म्याचंच. मी ते तुला नेसवलं. माझे हात स्थिर होते, याचीच आता लाज वाटते.

पण झोप लागेना. मी कलबुर्गीला गेले आणि फादरांपुढे गुडघे टेकून सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यांची इच्छा होती?" मी म्हणाले, पूर्वी नव्हती फादर, पण शेवटी त्यांनी तोंड वळवलं. फादर म्हणाले, "मोठ्या माणसाला त्याच्या इच्छेशिवाय बाप्तिस्मा होत नाही, मार्था. देताच येत नाही. त्यांनी तुला स्पष्ट नाही सांगितलं होतं. तू ओतलंस ते फक्त पाणी." म्हणजे तुझंच वाक्य, अक्का, तुरीच्या शेंगा सोलतानाचं.

"म्हणजे मी तिचं काही बिघडवलं नाही?"

"त्यांचं काही गेलं नाही. त्या जशा होत्या तशाच देवाकडे गेल्या. पण त्यांना हात हलवता येत नव्हता तेव्हा तू हे केलंस. त्यांच्या मुलाला सांग." मग त्यांनी विचारलं, "नाव कोणतं घेतलंस?" मी म्हणाले, अक्का. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

त्यांनी पापक्षमा दिली. मी ती घेतली. पण तुझं ते मान वळवणं माझ्या मनातून जाईना. फादर काहीही म्हणोत, ते खोलीत नव्हते, मी होते. मी बघितलं होतं.

परवा सगळे गेल्यावर, मांडवाचे बांबू उतरवून झाल्यावर, मिलिंद विहाराच्या पायरीवर बसला होता. औरादच्या कॉलेजात शिकवतो, पण थकला की अजून तुझ्यासारखाच एक पाय मुडपून बसतो. मी शेजारी बसले आणि सांगून टाकलं. दाराकडे बघितल्याचंही सांगितलं. तो ऐकत राहिला. मी वाट बघत होते की आता तो ओरडेल, मला हक्क कुणी दिला म्हणून विचारेल. त्यानं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"आईला आवडलं नसतं, मावशी," एवढंच तो म्हणाला.

मग मी माझा शेवटचा आधार पुढे केला. म्हणाले, पण तिनं तोंड वळवलं रे. पाणी जिकडं ओघळलं तिकडं. ओठ उघडले. तिनं घेतलं, मिलिंद.

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला आधी कळलंच नाही मी काय म्हणते ते. मग म्हणाला, "मग तोंडात घातलंस का न्हाई घोटभर?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मला वाटलं तू घातलं असशील. म्हणून मी इचारलं न्हाई. मी खाली गेलतो, पण मावशी हाय म्हणलं, मावशी पाजल." त्याचा आवाज फुटला आणि तो उठून आत गेला.

अक्का, मी दुसऱ्यांना सांगत आले आहे. श्वास असा तुटायला लागला की नातेवाइकांना मीच बाजूला घेऊन सांगते, आता घाला दोन चमचे, आता त्यानं काही व्हायचं नाही, तेवढीच त्यांची तहान भागेल. परक्यांना सांगते. तुझ्याजवळ बसले होते आणि मला ते आठवलं नाही, कारण मला तुझ्यासाठी त्याहून मोठं काही करायचं होतं. किती दिवस तू माझ्याकडे एकच गोष्ट मागत होतीस. मर्जी नव्हती म्हणतात फादर. मर्जी होती तुझी. तोंड वळवून, ओठ उघडून सांगितलीस, शेवटची ताकद लावून. मी तुझी नर्स, मी तुझी बहीण, आणि मला त्यात माझा देव दिसला, तुझी तहान दिसली नाही. तुझ्या हातांना तेव्हा ओंजळही करता येत नव्हती, आणि मी उंचावरून धार सोडत होते.

कपाळापासून ओठांपर्यंत वीतभरही अंतर नव्हतं, अक्का. तेवढा माझा हात खाली आला नाही.